बाबा निवृत्त झाले, हाती २० लाख आले: विमा घ्यावा की अ‍ॅन्युइटी?

तुम्ही विचारलंत की फोंड्यात राहणाऱ्या तुमच्या बाबांनी निवृत्तीच्या २० लाखांतून आयुर्विमा घ्यावा की अ‍ॅन्युइटी. बाबांचं वय ६०, मुलं कमावती, कर्ज नाही. तुम्ही दिलेल्या एवढ्या माहितीवरून मी नवीन आयुर्विमा घेऊ नका असंच सांगेन.

आयुर्विमा हा माणूस लवकर गेला तर मागच्यांसाठी असतो. अ‍ॅन्युइटी नेमकी उलट: माणूस खूप जगला आणि पैसे आधी संपले तर काय, यासाठी. एकरकमी पैसे विमा कंपनीला द्यायचे, ती हयातभर ठरलेली रक्कम देते. समजा दर ७ टक्के मिळाला, तर २० लाखांवर वर्षाला १ लाख ४० हजार, म्हणजे महिन्याला साधारण ११,६००. ही रक्कम करपात्र असते, आणि साध्या योजनेत महागाईप्रमाणे वाढत नाही. आजचे ११,६०० पंधरा वर्षांनी चतुर्थीच्या खर्चालाही अपुरे पडतील, म्हणून सगळे २० लाख त्यात घालू नका. पैसे एकदा अडकले की मोडणं कठीण.

पर्याय निवडताना आईचा विचार आधी करा. 'फक्त बाबांच्या हयातीपर्यंत' हा पर्याय घेतला तर रक्कम जास्त दिसते, पण त्यांच्यानंतर आईला काहीच नाही. संयुक्त अ‍ॅन्युइटीत तिला पुढे मिळत राहतं. मूळ रक्कम वारसांना परत हवी असेल तर महिन्याचा आकडा आणखी कमी होतो. माझ्या मते संयुक्तच घ्या, तेही निम्म्या पैशांची. उरलेले ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका, पणजीपर्यंत जायला नको, जवळच्या पोस्टात होतं.