पिकअप की एसयूव्ही? आधी मागच्या सीटवर बसून बघा

घरासाठी गाडी घेताय, तर टेस्ट ड्राइव्हला घरच्यांना सोबत न्या. बहुतेक जण एकटेच जाऊन स्टिअरिंग धरतात आणि तिथेच फसतात.

उदाहरण म्हणून टोयोटाची हायलक्स ही पिकअप आणि फॉर्च्युनर ही एसयूव्ही बघा. मुळात भावंडंच, एकाच पायावर बनलेली. पण हायलक्सला मागे पाटे (लीफ स्प्रिंग, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या) आहेत, फॉर्च्युनरला कॉइल स्प्रिंग (गुंडाळीची स्प्रिंग). पाटे ओझं पेलण्यासाठी असतात; मागचा सामानाचा हौदा रिकामा असला की खड्ड्यात गाडीचा मागचा भाग उडतो आणि मागे बसलेल्या आजींच्या कंबरेला ते लगेच कळतं. शिवाय पिकअपच्या मागच्या सीटची पाठ बहुधा जास्त ताठ असते. लांबच्या प्रवासात हे फार जाणवतं.

आणखी दोन गोष्टी:
- पार्किंग टेपने मोजा. हायलक्स सुमारे 5.3 मीटर लांब, फॉर्च्युनर 4.8.
- लहान मूल असेल तर चाइल्ड सीट प्रत्यक्ष बसवून बघा.

हौद्यात सामान मावतं खरं, पण झाकण नसेल तर पावसात बॅगा भिजतात. "कधीतरी लागेल" म्हणून पिकअप घेऊ नका. दर आठवड्याला माती, लाकूड, अवजारं न्यायची असतील तर मात्र बिनधास्त घ्या. फोर-व्हील ड्राइव्ह, टॉर्क वगैरे आत्ता राहू द्या.