ग्रुपात राहू की बाहेर पडू?

प्रश्न : ताई नमस्कार. मी नाशिकची, वय ६१, मिस्टर ६६. सप्टेंबरात आम्ही दोघंच सात रात्रींच्या मेडिटरेनियन क्रूझला चाललोय, बार्सिलोनाला चढायचं, मधे मार्सेय, जिनोआ, नेपल्स, रोम वगैरे. मुलाने बुकिंग केलं आणि वर मला फेसबुकवर त्याच बोटीच्या त्याच तारखेच्या लोकांच्या ग्रुपात घालून टाकलं. तीनशेच्या वर माणसं आहेत, कोणी मँचेस्टरचं, कोणी टेक्सासचं. एक बाई म्हणतात रोमला व्हॅन शेअर करू, एक गृहस्थ म्हणतात सगळ्यांनी केबिन नंबर टाका. मी अजून एक अक्षर लिहिलेलं नाही. मिस्टरांचं म्हणणं, अनोळखी लोकांत कशाला पडायचं. काय करू?

उत्तर : अहो ताई, बाहेर नका पडू. फक्त ग्रुप कशासाठी वापरायचा ते ठरवून घ्या, कारण बोटीवर ओळखी आपोआप होतात, लिफ्टमधे होतात, सकाळच्या चहाच्या मशीनपाशी होतात, त्यासाठी चार महिने आधीपासून गुड मॉर्निंग वाचायची गरज नाही. ग्रुपची खरी गरज लागते ती बंदरात उतरल्यावर. ह्या ग्रुपला क्रूझवाले लोक रोल कॉल म्हणतात, शाळेतल्या हजेरीसारखं.

तुमच्या वेळापत्रकात रोम लिहिलंय ना, तिथे बोट रोमला जातच नाही. ती लागते चिवितावेक्किया नावाच्या बंदरात आणि तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर. म्हणजे नाशिकला उतरवायचं सांगून इगतपुरीच्याही पुढे सोडल्यासारखं. आता तिथून जायचे तीन मार्ग. बोटीचीच सहल घ्यायची, महाग पडते, पण परत यायला उशीर झाला तर बोट थांबते. लोकल ट्रेनने जायचं, स्वस्तात स्वस्त, व्हॅटिकन बघायचं असेल तर सान पिएत्रो स्टेशनला उतरून चालत जाता येतं, पण बंदरातून स्टेशनपर्यंत पोचण्यात बस बदलाबदली आहे आणि मिस्टरांच्या गुडघ्यांचं काय ते तुम्हालाच माहीत. तिसरा मार्ग म्हणजे त्या बाई म्हणतायत तशी सात-आठ जणांत एक व्हॅन. दोघांसाठी अख्खी गाडी परवडत नाही, आठ जणांत परवडते, आणि हे आठ जण बोटीवर चढल्यावर शोधत बसलात तर मिळत नाहीत, तोवर सगळ्यांचं ठरलेलं असतं. म्हणून म्हणते ग्रुपात राहा.

नेपल्सला मात्र व्हॅनच्या भानगडीत पडू नका. तिथे बोट शहराच्या पोटातच लागते. पॉम्पेई बघायचं तर गारिबाल्दी स्टेशनवरून चिर्कुमवेसुविआना नावाची जुनाट लोकल आहे, साधारण पाऊण तासात पॉम्पेईच्या दारात सोडते. गर्दी आपल्या कल्याण लोकलसारखी, त्यामुळे पर्स पुढे धरायची हे तुम्हाला शिकवायला नको. तिकीट आधी काढा, पॉम्पेईला आता दिवसाला २०,००० माणसांचीच मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव असतं. रोमच्या कोलोसियमलाही तसंच, नावाचं तिकीट, म्हणून ग्रुपातल्या कोणी "माझ्याकडे दोन जास्तीची आहेत" म्हटलं तर घेऊ नका. आणि तुमचा रोमचा दिवस रविवार निघाला तर व्हॅटिकनची म्युझियमं बंद, महिन्यातला शेवटचा रविवार सोडून.

आता व्हॅनचं सांगते, कारण इथे मी स्वतः हात पोळून घेतलाय. काही वर्षांपूर्वी लिव्होर्नो बंदरातून पिसा आणि फ्लॉरेन्स करायला आम्ही आठ जण असेच ग्रुपावर जमलो, नव्वद किलोमीटरचं अंतर, साडेसातला निघायचं ठरलेलं. ड्रायव्हर पाटी धरून उभा, आम्ही सहा जण उन्हात उभे, आणि उरलेले दोघं बोटीवर ऑम्लेटच्या लायनीत! कळवायचं कसं, कोणाकडेच इंटरनेट नाही. पस्तीस मिनिटं गेली आणि ती सगळीच्या सगळी पिसाच्या वाट्याची गेली, मनोऱ्याला हात लावल्याचा फोटो काढायला आम्हाला अकरा मिनिटं मिळाली, माझ्या फोटोत मनोरा सरळ आणि मीच कललेली आहे. तेव्हापासून माझं असं आहे की व्हॅन ठरवताना वेळ झाल्यावर दहा मिनिटं थांबायचं आणि निघायचं हे आधीच लिहून घ्यायचं, आणि जो येणार नाही त्याने त्याचा वाटा द्यायचाच हेही. समजा गाडी ४८० युरोची ठरली, आठ जणांत साठ-साठ पडतात, पण दोघं गळले की उरलेल्यांना ऐंशी. वाईट वाटतं लिहायला, पण नंतर बंदरावर उभं राहून भांडण्यापेक्षा बरं. पैसे मात्र ग्रुपातल्या माणसाच्या खात्यात आधी पाठवू नका, गाडीवाल्याला त्या दिवशी प्रत्येकाने आपापले द्यायचे असं ठरवा.

अजून एक, तुम्ही व्हॅनने जा किंवा ट्रेनने, स्वतःच्या जबाबदारीवर गेलात की बोट तुमच्यासाठी थांबत नाही. दोन तास हातात ठेवूनच परतायचं. व्हॅनमधल्या लोकांना शेवटच्या क्षणी लेदरच्या दुकानात शिरायची हुक्की येते, तेव्हा मिस्टरांना आवाज चढवायला सांगा.

केबिन नंबरचं म्हणाल तर अजिबात टाकू नका. बुकिंगच्या कागदाचा फोटो तर मुळीच नाही, लोक हौसेने टाकतात, पण बुकिंग नंबर आणि आडनाव एवढ्यावर बऱ्याच कंपन्यांच्या साइटवर दुसऱ्याचं बुकिंग उघडता येतं. नाशिकचं घर अमुक तारखेपासून बंद हेही कोणाला कळायला नको. बाकी बोला, विचारा, इंग्लिश मोडकं असलं तरी चालतं, तिथे अर्ध्यांचं तसंच असतं.

हो आणि एक गंमत, तुमच्या मार्गावरच्या काही बोटी अशा असतात की प्रत्येक बंदरात नवे लोक चढतात आणि जुने उतरतात. तुमचा पहिला दिवस तो कोणाचा तरी चौथा असतो. तेव्हा पहिल्या रात्री भेटायचं ठरलं आणि तिघंच आले तर रुसू नका.

प्रश्न : मावशी, मी पिंपरीचा, वय २९. डिसेंबरमधे आई-बाबा, काका-काकू असे पाच जण सिंगापूरहून पेनांग आणि फुकेतची चार रात्रींची क्रूझ करतोय. व्हॉट्सअ‍ॅपवर त्याच बोटीवरची आणखी नऊ मराठी कुटुंबं सापडली!! आता आईचा प्लॅन असा की सगळ्यांनी रोज एकत्र जेवायचं, घरून चकल्या, लाडू आणि चहाची इलेक्ट्रिक किटली न्यायची. आईला बोट लागण्याचीही भीती आहे. सांभाळून घ्या.

उत्तर : आईला आधी किटलीचं सांग. जवळपास सगळ्या बोटींवर किटली, इस्त्री वगैरे तापणाऱ्या वस्तू बंदच असतात, चढताना सामानाचा एक्सरे होतो आणि काढून घेतात, उतरताना परत देतात. चकली-लाडू दुकानातले सीलबंद पाकिटातले असतील तर सहसा चालतात, घरी केलेले डबे अडवतात, आणि बंदरात खाली उतरताना खाण्याच्या वस्तू सोबत नेऊ नका. तळणाचा कुटाणा वाचला म्हणून आई सुटकेचा श्वास टाकेल, बघ.

एकत्र जेवायचं हे दहा कुटुंबांचं म्हणजे चाळीसेक माणसांचं टेबल होतं, ते बोटीवर गेल्यावर मिळत नाही, आधी कंपनीला सगळ्यांचे बुकिंग नंबर देऊन एका वेळेला जोडून घ्यावं लागतं. माझं विचारशील तर एकच रात्र ठेवा, तीही पहिली नको. रोज एकत्र जेवायचं ठरवलं की दुसऱ्या दिवसापासून कोण आलं नाही, का आलं नाही सुरू होतं, अगदी लग्नघरासारखं. कांदा-लसूण नको, शाकाहारी हवं, हे मात्र आत्ताच लेखी कळवा आणि चढल्याच्या संध्याकाळी हेडवेटरला पुन्हा सांगा, उद्यासाठी भारतीय काही करून द्याल का असं विचारलं की बऱ्याच वेळा होतं. आणि वेटरच्या छातीवरची नावाची पट्टी वाचायची सवय लाव. गोव्यातले खूप जण बोटींवर नोकरीला असतात, तिकडे त्यांना तारवटी म्हणतात. फर्नांडिस दिसला की "कसो आसा?" म्हणून बघ, वरणभाताचा प्रश्न तिथेच सुटायची शक्यता.

ग्रुपावर एक गोष्ट मात्र पिन करून ठेव. फुकेतची वेळ सिंगापूरच्या एक तास मागे आहे. फोन आपोआप थायलंडची वेळ दाखवतो, बोट सिंगापूरच्याच वेळेवर चालत असेल तर तुझ्या फोनमधे चार वाजलेले असतात तेव्हा बोटीवर पाच. काका आरामात नारळपाणी पीत बसतील. म्हणून आई-बाबा दोघांच्याही हातात साधं घड्याळ बांध आणि उतरताना दाराशी लिहिलेली वेळ त्याच्याशी जुळवून घे. समुद्रात फोन फ्लाइट मोडवर, नाहीतर बोटीचं मोबाइल नेटवर्क पकडलं की बिल बघून बाबांनाच बोट लागेल. तुमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मधल्या समुद्रात मुका होतो, तेव्हा रोज संध्याकाळी सातला अमुक जिन्यापाशी असं आधीच ठरवा. दारावर चिठ्ठी चिकटवण्याची जुनी पद्धत अजून चालते.

बोट लागायचं म्हणशील तर केबिन मधल्या भागातली आणि खालच्या डेकची घे, तिथे हेलकावे सगळ्यात कमी. गोळी डॉक्टरांना विचारून, आणि त्रास सुरू व्हायच्या आधी. औषधं मोठ्या बॅगेत टाकू नका, ती बॅग केबिनवर यायला संध्याकाळ होते.

प्रश्न : नमस्कार, मी न्यू जर्सीत असते. मुलींना घेऊन डिस्नेच्या क्रूझला जातोय, ग्रुपात फिश एक्सटेंडर म्हणून काहीतरी आहे, दहा केबिनला छोट्या भेटी द्यायच्या म्हणे. देऊ काय? आणि हे करायलाच पाहिजे का?

उत्तर : करायलाच पाहिजे असं काही नाही, आधी नाव दिलेल्यांपुरतंच असतं ते. पण तुम्ही मराठी आहात, तुम्हाला हे नवीन कुठे आहे? सरळ संक्रांतीचं वाण! केबिनच्या दाराशेजारी बहुधा माशाच्या आकाराचा हुक असतो, त्याला कापडी पिशवी लटकवायची, तीच फिश एक्सटेंडर, आणि एकमेकांच्या पिशव्यांत गुपचूप वस्तू टाकून यायच्या. आपल्याकडे प्लॅस्टिकच्या गाळण्या लुटतात तसं तिथे लोक डॉलर स्टोअरमधले ग्लोस्टिक लुटतात. तुम्ही वारलीचं छोटं मॅग्नेट द्या, बोटीची दारं लोखंडी असल्याने ते लगेच दारावर चढतं, किंवा कोल्हापुरी चपलेचं कीचेन. खायचं काही देऊ नका, कोणाला कसली अ‍ॅलर्जी असेल सांगता येत नाही. दारावर सजावट चिकटपट्टीने करू नका, रंग निघाला तर भरपाई लावतात, चुंबकच वापरा. आणि वाटायचं काम मुलींना सांगा, रात्री नाइट ड्रेसमधे कॉरिडॉरभर पळतील.