मुंबईहून गाडीने ताडोबा, पेंच, कान्हा: आधी वार बघा, मग नकाशा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुंबईत राहणारे सहाजण, म्हणजे सत्तरीचे आई-बाबा, तुम्ही दोघं आणि आठ व बारा वर्षांची मुलं. हिवाळ्यात स्वतःच्या गाडीने दहा दिवसांत ताडोबा, पेंच, कान्हा, बांधवगड, रणथंबोर आणि येताना गीर अशी जंगलं करायचीयत, तर कसं आखावं?

रणथंबोर आणि गीर आज रात्रीच यादीतून खोडा. बांधवगड उद्या सकाळी खोडलंत तरी चालेल.

गंमत करत नाहीये. गीर सौराष्ट्रात, कान्हा मध्य प्रदेशाच्या पूर्व टोकाला. ही दोन नावं एकाच सहलीत फक्त नकाशावर शोभतात. रणथंबोरला सवाई माधोपूरपर्यंत मुंबईहून थेट रेल्वे आहे, ते वेगळं करा. बांधवगडला कान्ह्याहून जायला पाच-सहा तास, तेवढेच परत, आणि तिथे एकच रात्र राहणार असाल तर आई-बाबांना फक्त हॉटेलची खोली बघायला नेल्यासारखं होईल.

आम्ही मुलुंडचे. आम्हीही सहाजणच होतो, गाडी सात सीटची, सीएनजीवर चालणारी. पहिल्या वेळी मी तुमच्यासारखंच केलं: नकाशा उघडला, ठिपके जोडले, किलोमीटरची बेरीज केली, हॉटेलं बुक केली आणि सगळ्यात शेवटी सफारी. हा क्रम बरोब्बर उलटा हवा. सफारीचं तिकीट आधी, त्या गेटजवळची खोली नंतर, आणि रस्ता सगळ्यात शेवटी. रस्ता कुठे पळून जात नाही.

'त्या गेटजवळची' यावर जोर का देतोय ते सांगतो. ताडोबा हे एक नाव असलं तरी आत जायला मोहर्ली, कोलारा, नवेगाव, झरी, पांगडी, खुटवंडा अशी वेगवेगळी गेटं आहेत. ज्या गेटचं तिकीट, त्याच गेटने आत. मी कोलाऱ्याची सकाळची सफारी घेतली, कारण तीच शिल्लक होती, आणि खोली घेतली मोहर्लीला, कारण तलावाचा फोटो छान होता. दोन्हीकडे 'ताडोबा' लिहिलंय, मग असेल दहा मिनिटांवर, असा माझा हिशोब. आदल्या रात्री जेवताना वाढणाऱ्या मुलाने विचारलं, "उद्या कुठलं गेट, सर?" मी कोलारा म्हटल्यावर त्याने हातातली डाळ तशीच धरून ठेवली. मधून जंगल आहे, आपली गाडी तिथून जाऊ देत नाहीत. भद्रावती, वरोरा, चिमूर असा बाहेरून वळसा. पहाटे साडेतीनला सहा माणसं शाली गुंडाळून गाडीत, आई मागच्या सीटवर रामरक्षा म्हणतेय, आणि धुक्यात मला समोरच्या बैलगाडीचा मागचा दांडा अगदी जवळ आल्यावर दिसला. पोचलो तेव्हा आमची जिप्सी, म्हणजे सफारीची उघडी गाडी, फाटकाशी एकटी उभी होती, बाकीच्या केव्हाच आत गेलेल्या. ड्रायव्हर काही बोलला नाही, नुसतं घड्याळाकडे बघितलं.

हेच कान्ह्याला. खटिया आणि मुक्की ही दोन गेटं जंगलाच्या दोन बाजूंना आहेत. पेंचमध्ये तर मध्ये राज्याची हद्द आहे: सिल्लारी महाराष्ट्रात, टुरिया मध्य प्रदेशात. दोन राज्यांच्या वनविभागांची बुकिंगची संकेतस्थळंही वेगळी. तिकिटावर जे ओळखपत्र टाकाल तेच मूळ कागदावर गेटला लागतं, मोबाइलमधल्या फोटोच्या भरवशावर जाऊ नका. मुलांची आधार कार्डं आठवणीने घ्या, ती नेमकी घरच्या कपाटात राहतात.

आता वारांचं. ताडोब्याचं कोअर, म्हणजे आतलं मुख्य जंगल, मंगळवारी बंद असतं. मध्य प्रदेशातल्या पेंच-कान्ह्यात बुधवारी दुपारची सफारी नसते. लोक या सुट्ट्यांवर वैतागतात. मला वाटतं सहल आखायला यापेक्षा चांगली मदत नाही: जंगल बंद असेल तेव्हा आपण रस्त्यावर असायचं.

म्हणजे शनिवारी पहाटे मुंबई सोडा. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून पूर्ण सुरू आहे, भिवंडीजवळच्या आमण्यापासून नागपूरपर्यंत ७०१ किलोमीटर. आठ तासांत नागपूर, असं सगळे सांगतात. ते खरं आहे, जर गाडीत कोणाला लघवी होत नसेल तर. सहा माणसांना दहा-अकरा तास धरा. म्हणून पहिल्या दिवशी नागपूर गाठूच नका. मेहकरला उतरून लोणारला मुक्काम करा. बारा वर्षांच्या मुलाला उल्केच्या आघाताने बेसॉल्ट खडकात झालेलं पावणेदोन-एक किलोमीटर रुंदीचं विवर काठावर उभं राहून बघायला मिळतं, आई-बाबांना दैत्यसूदनाचं देऊळ मिळतं, आणि तुम्हाला दुपारची झोप. खाली तळ्यापर्यंत सगळ्यांनी उतरायचा हट्ट धरू नका, चढून परतही यायचं असतं.

रविवारी पुन्हा समृद्धीवर चढून वर्ध्याला उतरा. सेवाग्राम तिथून जवळ. बापू कुटीत अर्धा तास बसा, मातीच्या भिंतींचा गारवा मुलांनाही कळतो. मग हिंगणघाट, वरोरा, भद्रावती करत मोहर्ली. नागपूर वाटेत येतच नाही. सोमवारी सकाळ-दुपार सफारी. आई-बाबांना एकच पुरे, दुसऱ्या वेळी त्यांना खोलीवर चहा पिऊ द्या. मंगळवारी, ताडोबा बंद असताना, नागपूरमार्गे पेंचचं टुरिया. बुधवारी सकाळी तिथली सफारी, आणि दुपारी, तिथलं जंगल बंद असताना, सिवनीवरून कान्ह्याला खटिया. बारापर्यंत निघालात तर उजेडात पोचाल, आणि उजेडातच पोचा. गुरुवार-शुक्रवार कान्हा. शनिवारी नागपूर, रविवारी घर. आठ रात्री. दहावा दिवस सोमवार, तो कपडे धुवायला ठेवा.

तारखा काढताना कॅलेंडरमध्ये अमावास्या बघा. पेंचचा महाराष्ट्रातला भाग जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क', म्हणजे तारे दिसावेत म्हणून रात्रीचा अंधार जपलेलं ठिकाण, ठरला; तिथल्या गावांतले रस्त्यावरचे दिवे खाली तोंड करून बसवलेत. प्रमाणपत्र महाराष्ट्राचं, पण टुरियाच्या आकाशाला हद्द कुठे कळते. आमच्या धाकटीने अंगणात चटईवर पडून विचारलं, "हे सगळे तारे मुलुंडला का नसतात?" असतात ग, असं म्हणून मी गप्प बसलो. ख्रिसमसचा आठवडा आणि २६ जानेवारीला जोडून येणारी सुट्टी मात्र टाळा. मुलांची आठवडाभर शाळा बुडली तर बुडू दे.

रस्त्याबद्दल माझ्यापेक्षा माझे बाबा जास्त अधिकाराने बोलतील. ते बेस्टमध्ये ड्रायव्हर होते. दादर टीटीच्या गर्दीत आयुष्य काढलेला माणूस, पण समृद्धीवर तासाभराने म्हणाले, "हा रस्ता माणसाला झोपवतो." खरंच झोपवतो. सिग्नल नाही, वळण नाही, समोरून कोणी येत नाही, टायरचा एकसुरी आवाज. त्यांचा नियम: पहिली जांभई आली की चालवणारा बदलायचा, दुसरीची वाट बघायची नाही. दर दोन तासांनी तसंही थांबा, पण पंपावर किंवा थांब्यावरच. कडेला गाडी लावून फोटो काढणारे दिसतील, त्यांचं अनुकरण नको. मागून ताशी १२०ने येणाऱ्याला तुमची गाडी उभी आहे हे उशिरा कळतं. मर्यादा सपाटीवर १२० आहे म्हणून तुम्हीही १२०नेच जायला पाहिजे असं नाही, सहा माणसं आणि सामान भरलेली गाडी शंभरला सुखात असते.

टायर निघायच्या आठवडाभर आधी दाखवा, आदल्या रात्री नाही. काँक्रीटवर तासन्‌तास वेगात टायर तापतात, आणि जुना टायर शहरात वर्षभर निभावतो तो तिथे दगा देतो. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर कायद्यानेही तो बाद. हवा टायर थंड असताना भरायची, भरलेल्या गाडीसाठी कंपनीने जो आकडा दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो तो. बहुतेक पंपांवर न विचारताच ३५ मारतात.

गाडी सीएनजी असेल तर आणखी एक. डिकीत सिलिंडर, त्यामुळे बॅगा कुठे? आम्ही कडक सुटकेसी घरी ठेवल्या आणि प्रत्येकाला एक मऊ बॅग दिली, ती सिलिंडरच्या भोवती कोंबता येते. गॅसच्या शोधात वाट वाकडी करू नका, समृद्धीवर पेट्रोल धरूनच खर्चाचा अंदाज काढा.

फास्टॅगचा वार्षिक पास असेल तर तो समृद्धीवर चालत नाही, कारण तो राष्ट्रीय महामार्गांचा आहे आणि समृद्धी राज्याचा. तिथे साध्या शिलकीतून पैसे जातात, तेही उतरताना, जितकं अंतर तितके. पुढे नागपूर-सिवनी रस्त्यावर पास उपयोगी पडतो.

त्याच रस्त्यावर, मनसर ओलांडून खवास्याकडे जाताना, मुलांना मोबाइलमधून मान वर करायला सांगा. महामार्ग जंगलातून जातो तिथे तो ठिकठिकाणी खांबांवर उचललाय, खालून जनावरांना वाट राहावी म्हणून. असे नऊ मार्ग आहेत, त्यातला लांबातला लांब पाऊण किलोमीटरचा. खाली लावलेल्या कॅमेऱ्यांत वाघही टिपले गेलेत. आमच्या मुलाला हे सांगितल्यावर त्याने पुढची पंधरा मिनिटं काच खाली करून वाऱ्यात डोकं धरलं होतं, जणू खालून डरकाळी येणार.

जिप्सीत सहा पर्यटक बसतात, म्हणजे तुम्हाला पूर्ण गाडी मिळते, अनोळखी कोणी नाही. आई-बाबांना ड्रायव्हरच्या लगेच मागच्या ओळीत बसवा. शेवटची ओळ मागच्या चाकांवर येते, तिथले धक्के थेट कमरेत. हिवाळ्यात पहाटे उघड्या जिप्सीतला वारा मुंबईकराला कल्पनेबाहेरचा असतो; कान्ह्याच्या कुरणांवर काही सकाळी दव गोठलेलं दिसतं. कानटोपी, हातमोजे, आणि खोलीतली रजाई मागून घ्या, बहुतेक ठिकाणी देतात. निघण्याआधी चहा अर्धाच कप, कारण पुढचे तीन-चार तास खाली उतरता येईलच असं नाही. ताडोब्याच्या कोअरमध्ये मोबाइल नेता येत नाही. मुलांना ही बातमी मुंबईतच द्या.

खाण्याचं फार सांगत नाही. नव्या रस्त्याने कसाऱ्याचा घाट बोगद्यातून पार होतो आणि घाटातला वडापाव चुकतो, हे दुःख गृहीत धरा. समृद्धीवर खायची ठिकाणं विरळ आहेत, त्यामुळे पहिल्या दिवसापुरत्या तिखटमिठाच्या पुऱ्या आणि दशम्या घरून. नागपुरात तर्री पोहे खा, पण सावजी रस्सा परतीच्या मुक्कामालाच चाखा, पुढे सफारी असेल तेव्हा नाही. का, ते बाबांना विचारू नका.

शेवटी वाघाबद्दल, कारण मुलं पहिल्या दिवसापासून तेच विचारणार. आम्हाला पाच सफाऱ्यांत एकदा दिसला, तोही पाठमोरा, गवतात शिरताना. हिवाळ्यात गवत उंच असतं आणि पाणी सगळीकडे, त्यामुळे तो पाणवठ्यावर येऊन बसेलच असं नसतं. एप्रिल-मेमध्ये जास्त दिसतो, पण विदर्भातल्या पंचेचाळीस अंशांत सत्तरीच्या माणसांना उघड्या गाडीत बसवणार का? मुलांना गाइडच्या शेजारी बसवा आणि कान द्यायला सांगा. चितळ ओरडलं, मग वरून वानर खाकरलं, की वाघ जवळ असल्याचा तो इशारा समजून गाइड गाडी बंद करायला लावतो. तेव्हाची ती दोन-तीन मिनिटं. आमची धाकटी, जी घरी जेवताना एक क्षण गप्प बसत नाही, ती माझं मनगट घट्ट धरून श्वास रोखून बसली होती, आणि तेव्हा वाघ आलाच नाही.

कान्ह्यात मुलांना बारशिंगा आवर्जून दाखवा. कडक जमिनीवर राहणारी ही बारशिंग्याची जात १९७०च्या सुमारास तिथे फक्त ६६ उरली होती. कुरणं राखली, कुंपणात पिल्लं वाढवली, तेव्हा कुठे आज कळप दिसतात. नराच्या शिंगांची टोकं मोजायची पैज लावा. आमच्याकडे बाबा जिंकले, बारा नव्हती, चौदा निघाली.

तारखा ठरल्या की आधी तिन्ही जंगलांच्या सफाऱ्या मिळतायत का ते बघा. एकाची जरी नाही मिळाली तरी अख्खा आठवडा पुढे सरकवा, वार मात्र तेच ठेवा.