जॉर्डन ईजे१५ चं १/२० किट कधी निघेल का? नाही निघालं तर स्वतः कसं बनवायचं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. नारायण कार्तिकेयनने २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये चालवलेल्या पिवळ्या जॉर्डनचं (ईजे१५) १/२० म्हणजे खऱ्या मापाच्या विसाव्या भागाचं प्लास्टिक किट निघावं म्हणून कुणाच्या मागे लागायचं, आणि हाती काहीच नसेल तर सुरुवात कुठून करायची. पहिल्याबद्दल माझं मत रोखठोक आहे: मोठ्या कंपनीची वाट बघू नका. दुसऱ्याला भरपूर वाव आहे.

आधी अडतं कुठे ते बघू. या संघाचे हक्क शोधत गेलात तर जॉर्डनवरून मिडलँड, तिथून स्पायकर, २००८ ला फोर्स इंडिया, २०१८ ला रेसिंग पॉइंट आणि २०२१ पासून ॲस्टन मार्टिन असा प्रवास होतो. शिवाय इंजिन टोयोटाचं, टायर ब्रिजस्टोनचे आणि अंगावर सिगारेटची जाहिरात. बॉक्स छापायच्या आधी यातल्या प्रत्येकाशी बोलणी करावी लागतात. एवढं करून विकायचं काय, तर वर्षभरात १२ गुण मिळवलेली गाडी. त्यातले ११ गुण एकट्या इंडियानापोलिसच्या शर्यतीचे, जिथे मिशेलिन टायरच्या १४ गाड्या फॉर्मेशन लॅपनंतर (शर्यत सुटण्याआधीची फेरी) पिटमध्ये वळल्या आणि सहाच गाड्या धावल्या. जॉर्डनचाच दुसरा चालक माँटेरो तिसरा, कार्तिकेयन चौथा. भारतीय चालकाचे फॉर्म्युला वनमधले ते पहिले गुण, म्हणून आपल्याला त्यांचं मोल. ओसाकातल्या गिऱ्हाइकाला त्याचं काय! टामिया या जपानी किट कंपनीने १/२० मध्ये जॉर्डन १९१ काढली आहे, पण ‘शूमाकरची पहिली शर्यत’ एवढ्या तीन शब्दांवर तो बॉक्स खपतो. ईजे१५ कडे असे तीन शब्द नाहीत.

इच्छा जरूर करावी, पण साचा डोळ्यासमोर ठेवून. स्टीलचा साचा महाग असतो. त्यामुळे एका साच्यातून दोन-तीन गाड्या निघत असतील तर कंपनी विचार करते: तोच सांगाडा, फक्त एखादा स्प्रू (सुटे भाग जोडलेली चौकट) वेगळा आणि डेकल शीट (पाण्यात भिजवून चिकटवायच्या अक्षर-लोगोंचा कागद) नवी. ‘९५६ आहेच, ९६२ पण काढा की’ अशी पोर्शच्या चाहत्यांची मागणी सोपी वाटते. पण चालकाचे पाय पुढच्या ॲक्सलच्या मागे यावेत म्हणून ९६२ चा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर) २६५० वरून २७७० मिमी केला होता. १/२४ मध्ये हा फरक ५ मिमीचा. म्हणजे बॉडी नवी, फ्लोअर नवा, साचाही नवा. ईजे१५ ची बॉडी तर दुसऱ्या कुठल्याच किटशी जुळत नाही.

म्हणून मागणी न्यायची ती रेझिनमध्ये भाग ओतून किट करणाऱ्या छोट्या उत्पादकांकडे आणि डेकल छापणाऱ्यांकडे. सिलिकॉनच्या साच्यातून वीस-तीस नग निघाले की साचा फाटायला लागतो, म्हणजे त्यांना गिऱ्हाइकंही तेवढीच पुरतात. ‘ईजे१५ काढा ना प्लीज’ एवढंच लिहू नका. कुठली शर्यत, गाडी क्रमांक १९ की १८, समोरून, बाजूने, मागून आणि वरून असे चार स्वच्छ फोटो, आणि आगाऊ पैसे भरायला तयार असलेले किती जण, हे सगळं एकाच ईमेलमध्ये द्या. शर्यत ठरवणं महत्त्वाचं आहे, कारण सिगारेटची जाहिरात देशोदेशीच्या कायद्याप्रमाणे बदलायची, आणि ३१ जुलै २००५ पासून युरोपीय संघात तंबाखूच्या प्रायोजकत्वावर बंदी आली. दोन शर्यतींचे फोटो सरमिसळ करून केलेली शीट कुठल्याच गाडीची राहत नाही.

आता बांधणी. सुटे भाग काढून घ्यायला, म्हणजे देणगीदार किट म्हणून, मी टामियाची १/२० फेरारी एफ२००१ घेईन. खाचांचे ब्रिजस्टोन टायर, रिम, सस्पेन्शनच्या काड्या, कॉकपिटचा आतला भाग एवढं तिच्याकडून घ्यायचं. विल्यम्स एफडब्ल्यू२४ सुद्धा चालली असती, पण ती मिशेलिनवाली. २००९ पासूनच्या कुठल्याही गाडीचे टायर गुळगुळीत, त्यामुळे त्या वाटेला जाऊच नका.

फेरारी पिवळी रंगवली की झाली जॉर्डन, असं मात्र होत नाही, कारण मधल्या चार वर्षांत नियम बदलले. २००५ ला पुढचा विंग ५० मिमी वर गेला, म्हणजे आपल्याकडे २.५ मिमी. तोही सगळा नाही. मधली ५०० मिमीची पट्टी खालीच राहिली, म्हणजे मॉडेलवर मधले २५ मिमी खाली आणि दोन्ही बाजू वर. मागचा विंग १५० मिमी पुढे सरकला, म्हणजे ७.५ मिमी. २००४ पासून त्याच्या वरच्या भागात दोनच पाती ठेवायची मुभा होती आणि एफ२००१ वर तीन आहेत. डिफ्यूझरची (गाडीच्या तळाचा मागचा, वर चढणारा भाग) उंचीही कमी झाली. चालक बसवणार असाल तर २००३ पासून सक्तीचा झालेला हान्स (मान सांभाळणारा आधार) खांद्यावर हवा, फेरारीच्या बाहुल्याला तो नसणार.

फोटोवरून मापं घेताना नियमातल्या ठरलेल्या रुंदीचा आधार घ्या: गाडी १८०० मिमी, पुढचा विंग १४००, मागचा १०००. वीसने भागलं की ९०, ७० आणि ५० मिमी. चाकाचा व्यास जास्तीत जास्त ६६० मिमी, म्हणजे ३३. बाजूच्या फोटोत चाक ३३ मिमी येईल इतकं प्रिंट मोठं-छोटं केलं की बाकीची मापं थेट पट्टीने घेता येतात. मात्र फोटो लांबून, टेलिफोटो लेन्सने काढलेला हवा. जवळून काढलेल्यात पुढचं चाक फुगतं आणि व्हीलबेस चुकतो.

नाक, साइडपॉड आणि इंजिन कव्हर रेझिन प्रिंटरवर काढणं सर्वांत सोयीचं. प्रिंटर नसेल तर फाइल देऊन काढून घ्या. फाइल खऱ्या मापाची असेल तर ५ टक्के, १/१८ ची असेल तर ९० टक्के, १/२४ ची असेल तर १२० टक्के. फाइल लहान केली की भिंतीही पातळ होतात हे विसरू नका, छापताना भिंत १.२ मिमी तरी ठेवा. थर ०.०५ मिमी, तुकडा ३० ते ४५ अंशांत तिरका, सपोर्ट आतल्या बाजूने. आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) धुतल्यावर कडक करायला लगेच यूव्हीखाली ठेवू नका. आधी कोमट पाण्यात बुडवून सपोर्ट काढा, वाकलेलं हाताने सरळ करा आणि मग क्युअर करा. एकदा कडक झालेला वाक निघत नाही, तुकडा तुटतो.

विंग प्रिंट करू नयेत असं माझं मत. १/२० च्या पातळ पात्यांना प्रिंटमध्ये हटकून लाट येते. ०.५ मिमीचं प्लास्टिक कार्ड कापा, पेनाच्या नळीवर टेपने घट्ट गुंडाळा, गरम पाण्यात धरा आणि तसंच थंड पाण्यात टाका. पात्याला हवा तो बाक येतो. बाजूच्या एंडप्लेटला ०.३ मिमी. सस्पेन्शनच्या काड्या नव्या बॉडीला कमी-जास्त पडणारच. त्या बॉडीच्या टोकाकडून कापा, ०.५ मिमीचं भोक पाडून पितळी तार घाला, आणि चारही चाकं सपाट काचेवर टेकलेली असतानाच सुपरग्लू लावा. घाई केली की एक चाक हवेत राहतं, आणि मग किटला दोष.

निम्मी मॉडेल्स बिघडतात ती पिवळ्या रंगात. पिवळा झाकत नाही. राखाडी प्रायमरवर थेट मारला तर हिरवट, मळकट दिसतो, आणि रेझिनचा तुकडा व फेरारीचं लाल प्लास्टिक शेजारी-शेजारी असले तर एकाच गाडीत दोन पिवळे होतात. आधी १५०० चा सरफेसर (बारीक चरे भरणारा प्रायमर), चरे दिसले तर पुट्टी, परत सरफेसर. त्यावर सगळीकडे एकसारखा पांढरा. पांढऱ्यात थेंबभर लाल टाकून फिकट गुलाबी केला तर पिवळ्याला ऊब येते आणि थरही कमी लागतात. मग टामियाचा एलपी-८ पिवळा, एक भाग रंगाला दीड भाग लॅकर थिनर, ०.३ मिमी नोझल, १५ ते १८ पीएसआय. पहिले दोन हात धुक्यासारखे, नंतर तीन-चार किंचित ओले. कडेला रंग साचला तर पुसू नका. दोन दिवस वाळू द्या आणि २००० च्या ओल्या पेपरने उतरवा. काळा भाग शेवटी. मास्किंग टेपच्या कडेवर आधी पिवळ्याचाच एक हात मारा, म्हणजे काळा आत झिरपत नाही.

पावसाळ्यात मुंबई-कोकणात लॅकर मारणाऱ्यांना पांढुरकी झाक ओळखीची असेल. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतला दमटपणा त्यावर धरतो. रिटार्डर किंवा लेव्हलिंग थिनर (हळू उडणारा) वापरा, एसी तासभर आधी लावून ठेवा. झाक आलीच तर दुसऱ्या दिवशी नुसत्या लेव्हलिंग थिनरचा हलका फवारा बहुतेक वेळा ती घालवतो. स्प्रे कॅन विमानाने येत नाहीत, म्हणून बाटलीतला रंग आणि एअरब्रश हाच भरवशाचा मार्ग. किटचा खर्च काढताना आयातीचंही बघा: खेळण्यांवरचं सीमाशुल्क २०२० ला २० वरून ६० टक्के आणि २०२३ ला ७० टक्के झालं, आणि कस्टम्सच्या यादीत स्केल मॉडेल खेळण्यांच्याच ९५०३ मथळ्याखाली आहे. काचेच्या कपाटातली आपली ‘कलाकृती’ त्यांच्या लेखी खुळखुळ्याची भावंडं!

डेकलच्या बाबतीत ही गाडी दयाळू आहे. पिवळ्यावरची काळी अक्षरं पारदर्शक डेकल कागदावर लेझर प्रिंटरने घरीच निघतात. अडचण पांढऱ्या आणि निळ्याची. प्रिंटर पांढरा छापत नाही, आणि निळा थेट पिवळ्यावर गेला की हिरवा दिसतो. असे लोगो पांढऱ्या डेकल कागदावर छापून कडेकडेने कापा, किंवा त्या आकाराचा पांढरा तुकडा आधी खाली लावा. इंकजेट असेल तर पाण्यात बुडवण्याआधी क्लिअरचे (पारदर्शक लॅकर) तीन पातळ हात द्या, नाहीतर शाई पाण्यात उतरते. चमकदार पृष्ठभागावरच लावा, खरबरीत रंगावर डेकलखाली हवा राहून चंदेरी डाग पडतात. इंजिन कव्हरच्या वळणावर मार्क सॉफ्टरचा (डेकल मऊ करणारं द्रव) एक थेंब टाकून दहा मिनिटं हात लावू नका. डेकल आधी सुरकुततं, तेव्हा बोटाने दाबायचा मोह होतो आणि तिथेच ते फाटतं. ते आपोआप बसतं.

दोन दिवसांनी क्लिअर. टामियाच्या टीएस-१३ क्लिअरसारखा तिखट लॅकर पहिल्याच हातात ओला मारला तर घरी छापलेलं डेकल विरघळतं. आधी चार-पाच कोरडे हात अर्ध्या-अर्ध्या तासाने, मगच एक ओला. आठवडाभर वाळवून २००० चा पेपर, नंतर कंपाउंड, पण धारदार कडांना पेपर लावू नका, तिथला पिवळा सर्वांत आधी उडतो आणि खालचा गुलाबी डोकावतो. टायरवरची अक्षरं मात्र क्लिअरखाली घेऊ नका, रबर चकाकलं तर ते खेळण्यासारखं दिसतं. खाचांमधली मधली शिवण ४०० च्या पेपरने घासून टायर मॅट ठेवा आणि अक्षरं सर्वांत शेवटी लावा.