दिवाळी झाली, आता डबे कोण भरणार?

नवरात्र ते तुळशीचं लग्न या दिवसांत पत्रं नेहमीच जास्त येतात. आधी भाजणीचं प्रमाण विचारणारी येतात आणि मग भाऊबीज झाली की "ताई, जीव मेटाकुटीला आला" म्हणणारी. या वेळी मुद्दाम भरलेल्या घरांतली पत्रं निवडलीत, तीन-तीन पिढ्या एका छताखाली असलेली. पुण्यात अशी घरं अजून आहेत बरं का, पेठांतच नाही, फ्लॅटमध्येसुद्धा.

प्रश्न : आम्ही सिंहगड रोडला राहतो. सासू-सासरे, आम्ही दोघं, दोन दीर, जावा आणि मुलं मिळून अकरा माणसं. घट बसल्यापासून जी गडबड सुरू होते ती भाऊबीजेपर्यंत. आमचं मोठं घर म्हणून तिन्ही नणंदा सहकुटुंब आमच्याकडेच, फराळ सगळा घरचाच हवा असा सासूबाईंचा आग्रह. आणि मग एकदम सोमवार उजाडतो, ऑफिस, शाळा, डबे, आणि आठवडाभर घरात नुसती चिडचिड. रुटीन लवकर कसं बसवायचं?

उत्तर : लवकर बसवायचंच कशाला? भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी घर होतं तसं झालं पाहिजे हे कुठल्या पंचांगात लिहिलंय? भाऊबीज कार्तिक शुद्ध द्वितीयेला, तुळशीची लग्नं एकादशी झाली की द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत, आणि त्रिपुरी पौर्णिमेला देवळात त्रिपूर लागले की मग संपलं, म्हणजे दिवाळीतून बाहेर पडायला जवळजवळ दोन आठवडे दिलेलेच आहेत आपल्याला. आकाशकंदील राहू दे तोवर. रांगोळीचे रंग तुळशीपुढे लागणारेत, पणत्या त्रिपुरीला लागणारेत, ते सगळं धुऊनपुसून माळ्यावर टाकायची घाई तुम्हाला कोणी केलीये? तेवढी एक आवराआवर पुढे ढकला, निम्मी दमणूक तिथेच कमी होईल.

लगेच ताळ्यावर आणायच्या त्या दोनच गोष्टी, जेवण आणि झोप. पाहुणे गेले त्या रात्री मुगाची खिचडी आणि ताकाची कढी, दुसऱ्या दिवशी पिठलं-भाकरी, बघा घरातले किती खूश होतात, गोड खाऊन सगळ्यांच्या तोंडाला मिठी बसलेली असते पण बोलत कोणी नाही. झोपेचं म्हणाल तर पोरांना नरक चतुर्दशीला अभ्यंगासाठी अंधारात उठवलेलं असतं, उटणं लावून घेताना किरकिर करतात पण उठतात ना, पाडव्याला पहाटे सारसबागेत जायचं म्हटलं तर हाक न मारता उठतात. म्हणजे सकाळ बिघडलेली नसतेच, बिघडलेली असते ती रात्र, पत्ते आणि मोबाईल आणि भावंडांच्या गप्पा. रात्रीचे दिवे तेवढे वेळेवर घालवा, सकाळ आपोआप होते.

आता खरं बोलू का? तुमची चिडचिड रुटीनची नाहीये, अकरा अधिक पाहुणे एवढ्यांचं काम तीन बायकांच्या हातात आहे त्याची आहे. आणि तुमच्या पत्रात दोन दीर आहेत, नवरा आहे, ते या महिनाभरात काय करतात याबद्दल एक ओळ नाही! सोऱ्या दाबायला जोर लागतो, तो त्यांच्याकडे आहे. भाजणी गिरणीतून आणायला डिग्री लागत नाही. चिवड्याचे पोहे ऑक्टोबरच्या उन्हात गच्चीवर वाळवणं, पितळेची भांडी चिंच-मीठ लावून घासणं, ही सगळी कुणालाही जमणारी कामं आहेत. शंकरपाळी, चकली, चिवडा हे टिकतं म्हणून वसुबारसेच्या आधीच्या रविवारी सगळ्यांनी बसून करून टाका, ओल्या नारळाचं जे काही असेल ते मात्र आयत्या वेळी. अनारसे हवेच असतील तर तांदूळ तीन दिवस भिजणार, रोज पाणी बदलणार, मग पंचावर सावलीत सुकणार, कुटणार, गूळ घालून पीठ परत मुरणार, त्यामुळे ज्यांना अनारसे आवडतात त्यांनीच ते पाणी बदलायचं असा नियम करून बघा, किती जणांना आवडतात ते कळेल. उरलेलं सरळ ओळखीच्या बचत गटाकडून घ्या. सासूबाईंना वाईट वाटेल, पण चार दिवस, आणि एखाद्या पदार्थाची कृती त्यांच्या देखरेखीखाली नातवाने केली तर तेवढंही नाही.

आणि नणंदांचं. भाऊबीजेला बहिणीने माहेरी यायचं असं मुळात नाहीच हो! त्या दिवसाला यमद्वितीया म्हणतात ते कशावरून, यम जेवायला यमुनेकडे गेला, यमुना नव्हती आली ताटं मांडायला. भावाने बहिणीच्या घरी जायचं, तिच्या हातचं जेवायचं, ओवाळून घ्यायचं आणि ओवाळणी टाकून परत यायचं. तर पुढच्या वर्षी तिन्ही भाऊ एका नणंदेकडे, त्याच्या पुढच्या वर्षी दुसरीकडे. हे सासूबाईंना तुम्ही सांगू नका, सासऱ्यांकडून वदवा. शास्त्राधार आहे म्हटल्यावर नाही म्हणणार नाहीत.

प्रश्न : 2025 ची दिवाळी ऑक्टोबरात होती, 2026 मध्ये थेट नोव्हेंबरात. मुलांच्या परीक्षा, सुट्ट्या, बाहेरगावच्या भावंडांची तिकिटं सगळंच हलतं. असं का होतं?

उत्तर : चांद्रवर्ष 354 दिवसांचं, म्हणजे आपल्या कॅलेंडरपेक्षा अकराएक दिवस कमी, त्यामुळे सण दरवर्षी अलीकडे सरकत जातात आणि साधारण पावणेतीन वर्षांनी अधिक महिना आला की एकदम पुढे उडी. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आहे. म्हणून 2025 चं लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला आणि 2026 चं 8 नोव्हेंबरला. मोठ्या घरांनी पंचांग आलं की पहिल्यांदा हे बघायचं आणि तिकिटं काढायची, आत्याचा फोन यायची वाट बघायची नाही.

प्रश्न : आमच्याकडे चुलत-मावस मिळून सात मुलं दिवाळीत जमतात, कोथरूडला सोसायटीत राहतो. किल्ला करायला जागाच नाही, सगळीकडे पार्किंग. सेक्रेटरी ओरडतात. रेडीमेड किल्ला आणावा का?

उत्तर : रेडीमेड किल्ला म्हणजे पोरांचे हात स्वच्छ आणि डोकं मोबाईलमध्ये. नका आणू. गॅलरीत जुना पाट किंवा प्लायवुड ठेवा, खाली विटा, वर गोणपाट मातीच्या कालवणात बुडवून टाकलं की डोंगर आपोआप तयार होतो, वरून अळीव टाका, रोज पाणी शिंपडलं की चार-पाच दिवसांत हिरवं होतं. किल्ल्यावर मांडायची मातीची चित्रं घ्यायला एक दिवस कुंभारवाड्यात घेऊन जा सगळ्यांना. मावळे, तोफा, सिंहासनावरचे महाराज, शिवाय वाघ, गवळण आणि ट्रॅफिक पोलीसही मिळतो, तो किल्ल्यावर काय करतो विचारायचं नसतं.

सात जणांची भांडणं होणारच, म्हणून नुसता "किल्ला" नका करू, ठरवून राजगड करा. पद्मावती, सुवेळा, संजीवनी अशा तीन माच्या आणि मधे बालेकिल्ला, दोघादोघांना एकेक माची आणि सगळ्यात धाकट्याला बालेकिल्ला. मोठी मुलं आधी फोटो बघतील, कुठली माची लांब, कुठे दुहेरी तटबंदी, संजीवनीवर भांडण झालं तर ते निदान इतिहासावरून होईल. आणि जमलं तर सुट्टी संपायच्या आत खरा राजगड, किंवा लहानांना झेपणारा सिंहगड. तुळशीच्या लग्नानंतर किल्ला मोडायचा, माती कुंड्यांत, मावळे पेपरात गुंडाळून खोक्यात, खोक्यावर वर्ष लिहून. मोडायलाही सगळे हवेत नाहीतर ते काम कोणावर पडतं माहितीये तुम्हाला.

प्रश्न : भाऊबीजेला घर भरलेलं असतं आणि दुसऱ्या दिवशी सगळे गेले की आमचे सासरे एकदम गप्प होतात. नीट जेवत नाहीत. आम्ही दिवसभर कामावर. काय करावं?

उत्तर : त्यांना "बरं वाटत नाहीये का" असं दहा वेळा विचारू नका. काम द्या. गेलेल्यांचं जे जे राहिलंय, कोणाचा चार्जर, कोणाचा टॉवेल, एखादी आजीची पैठणी, ते कोणाचं ते ओळखून एकेकाला फोन करायचं काम अण्णांचं किंवा नाना जे काय म्हणत असाल त्यांचं. फोन त्यांनी करायचा म्हणजे समोरचा आपोआप दहा मिनिटं बोलतो. तुळशीच्या लग्नाची मंगलाष्टकं त्यांनीच म्हणायची, ऊस, आवळे, चिंचा आणायला मंडईत नातवंडाला घेऊन त्यांनीच जायचं. मी तर म्हणते सगळ्यांनी एका दिवशी जाऊच नये, एखादी लेक दोन दिवस मागे राहिली तर घर रिकामं होतं पण एकदम नाही. त्यानंतरही आठवडा-दोन आठवडे जेवण कमीच राहिलं तर मात्र डॉक्टरांना दाखवा, ते दिवाळीवर ढकलू नका.

प्रश्न : चकल्या मऊ पडल्यात, चिवडाही सादळलाय. टाकून द्यायचं?

उत्तर : वेड लागलंय का! खवट वास येत नसेल तर चिवडा जाड कढईत मंद आचेवर परता, चकल्या ओव्हनमध्ये कमी तापमानावर दहा मिनिटं आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात, कोमट असताना झाकण लावलं की परत तेच. पुढच्या वेळी मोहन बेताचं घाला, जास्त झालं की चकली तेलात सुटते, कमी झालं की दगड. तळणीचं उरलेलं तेल परत परत तळायला वापरू नका आणि सिंकमध्ये तर अजिबात ओतू नका, पाईप तुंबतो आणि दिवाळीनंतर प्लंबर मिळत नाही.