गिटारवर साथ करताना लय धावते. उजव्या हाताचा सराव कसा करावा?

परभणीच्या भजनी मंडळात गिटारवर साथ करताना अंतऱ्यात आपली लय धावते, असे आपण विचारले आहे. दोष बहुधा थांबणाऱ्या हाताचा असतो. भजनी ठेका 8 मात्रांचा. प्रत्येक मात्रेवर हात खाली आणि दोन मात्रांच्या मधोमध वर, असा तो तारांना लागो वा न लागो, सतत हलता ठेवावा, कारण आघात गाळला तरी हालचाल गाळायची नसते. पिकचे, म्हणजे तारा छेडायच्या चपट्या तुकड्याचे, टोक बोटांबाहेर जेमतेम दिसावे, हालचाल मनगटातून व्हावी. डाव्या हाताची बोटे तारांवर हलकी टेकवून, सूर बंद ठेवून, मेट्रोनोम, म्हणजे ठरल्या गतीने ठोके देणारे यंत्र, मिनिटाला 60 ठोक्यांवर लावावा. पुढे, वाजवण्याची गती तीच ठेवून तो 30 वर आणावा, म्हणजे ठोका एकाआड एक मात्रेवर पडेल आणि धाव लगेच उघडी पडेल. टाळकऱ्यांच्या भरवशावर मात्र राहू नये. रंगात आले की तेही धावतात.