ज्येष्ठांना कमिटीतून वगळण्यापूर्वी

प्रश्न : मी ३२ वर्षांचा असून आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पास्टरेट कमिटीचा (कारभार पाहणाऱ्या समितीचा) चिटणीस आहे. चर्चच्या आवारातील मोकळी जागा एका बिल्डरला तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यावी आणि त्याने मंडळीला सभागृह बांधून द्यावे, अशी आम्हा तरुण सभासदांची योजना आहे. दोन ज्येष्ठ सभासद प्रत्येक बैठकीत ती अडवतात. त्यांपैकी निवृत्त मुख्याध्यापक असलेले सर मला लहानपणापासून ओळखतात. पुढच्या निवडणुकीत दोघांनाही बाजूला सारावे, असे माझे सहकारी म्हणतात. मी काय करावे?
— एक चिटणीस, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : प्रिय बंधू,

ज्येष्ठ योजना अडवतात, असे तुम्ही लिहिले आहे. का अडवतात, ते मात्र लिहिलेले नाही. बैठकीबाहेर तुम्ही त्यांना ते कधी विचारलेच नसावे, अशी मला शंका येते.

तुमच्या जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेचे काम १८३१ मध्ये सुरू झाले, आणि मिशनच्या काळातील जागा पुष्कळदा स्थानिक मंडळीच्या नावावर नसून एखाद्या ट्रस्ट असोसिएशनच्या नावावर असतात. १९७० मध्ये नागपुरात अनेक प्रोटेस्टंट चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाल्यानंतर जुन्या मंडळ्यांच्या मालमत्तांवरून जे वाद झाले, त्यांतले काही सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. शिवाय सार्वजनिक विश्वस्त संस्थेची बिगरशेती जागा तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची असेल, तर १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ नुसार धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. कायदा वकीलही सांगेल. परंतु जागेचे कागद कोणाच्या हाती गेले, पूर्वी असाच प्रस्ताव आला तेव्हा तो का बारगळला आणि त्या वेळी कोणती दोन घराणी एकमेकांशी बोलेनाशी झाली, हे इतिवृत्तात सहसा सापडत नाही, ते सरांसारख्यांनाच ठाऊक असते.

बायबलमधील ‘राजे’ या नावाच्या पहिल्या पुस्तकाचा बारावा अध्याय तुम्ही पुन्हा वाचावा. शलमोन राजाचा मुलगा रहबाम याने वडीलधाऱ्यांचा सल्ला विचारला, तेव्हा लोकांशी सौम्यपणे बोल, म्हणजे ते कायमचे तुझे होतील, असे त्यांनी सांगितले; तो सल्ला टाकून त्याने आपल्याबरोबर वाढलेल्या तरुणांचे ऐकले, लोकांना कठोर उत्तर दिले आणि दहा वंश त्याला सोडून गेले. मला यात लक्षणीय वाटते ते हे, की राजाचा अधिकार कसा गाजवावा याचा विचार तरुणांनी केला, तर लोक टिकतील कसे याचा विचार वृद्धांनी केला.

अर्थात, पिकले केस म्हणजे शहाणपण नव्हे. ईयोबाच्या पुस्तकात तरुण अलीहू हेच ऐकवतो, आणि तुझ्या तारुण्याला कोणी तुच्छ मानू नये, असे प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिले आहे. वर्षानुवर्षे तिजोरीची किल्ली धरून बसलेले आणि हिशेब मागितला की रुसणारे ज्येष्ठही मंडळ्यांत असतात. (सभागृह हवे, याविषयी माझे दुमत नाही, प्रत्येक लग्नाला मांडव भाड्याने आणणे परवडत नाही.) तुमचे सर त्यांपैकी आहेत काय, याचा निवाडा मात्र त्यांच्या वयावरून किंवा विरोधावरून करू नका. या व्यवहारात त्यांचा काही लाभ आहे काय, मंडळीतील गरीब कुटुंबे अडचणीत कोणाच्या दारी जातात आणि सांगितलेली गोष्ट ते पोटात ठेवतात काय, एवढे पाहा. त्यांच्यावर आरोप करायचाच झाला, तर दोन किंवा तीन साक्षीदारांवाचून मंडळीच्या वडिलावरील, म्हणजे ज्येष्ठावरील, आरोप ऐकू नये, हा पौलाचा दंडक आहे.

पुढच्या बैठकीपूर्वी सरांच्या घरी एकटे जा, भाडेपट्ट्याचा मसुदा न नेता जागेचा उतारा घेऊन जा आणि योजनेत काय खटकते, ते त्यांना सांगू द्या. जुने कागद शोधण्याचे काम त्यांच्याकडेच सोपवावे आणि मदतीला एक तरुण सभासद द्यावा, असा ठराव मांडा. कागद पाहिल्यानंतरही तुमचे मत बदलले नाही, तर रीतसर मतदान घ्या आणि त्यांचा विरोध इतिवृत्तात त्यांच्याच शब्दांत नोंदवा. चिटणीस म्हणून ते काम तुमचेच आहे.

तुमची,
ताई